जुन्या गोदामात प्रात्यक्षिकाची खोली करायची आहे, मांडणी कशी असावी?

काळीमाती

राम राम मंडळी. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. शेतकरी उत्पादक कंपनीला ग्रामपंचायतीनं जुनं गोदाम भाड्यानं दिलं आहे. आतून ४० फूट लांब, २० फूट रुंद. विटांच्या भिंती, वर टीन. लांब भिंती उत्तर-दक्षिणेला, पूर्वेला शटर, आणि खिडक्या म्हणाल तर वर दोन झरोके. दक्षिणेला कडुनिंब आणि बरीच मोकळी जागा.

इथे हातानं काम करून शिकण्याची खोली करायची आहे. पाण्याची मोटार आणि स्टार्टर दुरुस्ती, ठिबकचे फिल्टर, सोयाबीनची उगवणशक्ती, बचत गटाच्या बायांसाठी शिलाई आणि जमलं तर बांबू. एका वेळी वीस-चोवीस माणसं. हाताशी साडेचार लाख आहेत, त्यातच शौचालयही.

संचालक मंडळात दोन तट पडलेत. एकाला मंच, पोडियम, प्रोजेक्टर, एसी आणि शंभर खुर्च्या हव्यात, म्हणजे लग्नाला हॉल भाड्यानं देता येईल. मी दुसऱ्या तटातला. आजवर आम्ही जी प्रशिक्षणं घेतली त्यांत खुर्चीवर बसलो, पडद्यावरची चित्रं पाहिली, नाश्ता केला, प्रमाणपत्र घेऊन फोटो काढला. मोटार उघडली ती शिकवणाऱ्यानं एकट्यानं. पहिल्या रांगेला मोटार दिसली, बाकीच्यांना त्याची पाठ.

काय करावं आणि मुख्य म्हणजे काय करू नये, सांगा.

फिटरभाऊ

आयटीआयमध्ये शिल्प निदेशक आहे, त्या अनुभवावर बोलतो.

खुर्च्या मोजू नका, हात मोजा. एका मोटारीभोवती चार माणसं असली की प्रत्येकाच्या हाती काही ना काही येतं. पाचवा मागे सरकतो. सहावा आला की दोघं मोबाइल काढतात. चोवीस माणसं म्हणजे सहा टेबलं, सहा मोटारी, पाने-पक्कड-टेस्टरचे सहा संच. एवढ्याचे पैसे नसतील तर सोळाच माणसं बोलवा. मोटारी नव्या घेऊ नका. रिवाइंडिंगच्या दुकानात जळालेल्या पडलेल्या असतात, शिकायला त्याच बऱ्या, कारण त्यांत खरा बिघाड असतो.

जागेचा हिशेब: उभ्यानं काम करणाऱ्याला टेबल आणि जाण्यायेण्याची वाट धरून माणशी ३ चौरस मीटर तरी धरा. तुमचं गोदाम ८०० चौरस फूट, म्हणजे ७४ चौरस मीटर. चोवीस त्रिक बहात्तर. मंचाला उरले दोन चौरस मीटर. हा कागद मंडळापुढे ठेवा.

टेबलाच्या उंचीला आकडा विचारू नका. सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं, टेबल त्याच्या चार बोटं खाली. व्हाइसचा (काम घट्ट धरणारा शिकंजा) जबडा मात्र कोपराच्या बरोबरीनं. गावातले सगळे सारख्या उंचीचे नसतात म्हणून एक टेबल ठेंगणं ठेवा, किंवा पायाखाली ठेवायला फळीचा पाट करून घ्या.

पऱ्हाटी

शंभर खुर्च्या घेतल्या त तो हॉल लग्नालेच जाते, आजच सांगून ठेवतो. आमच्या इथी हेच झालं. समाजमंदिरात शिलाईच्या मशीना होत्या. पयल्याच लगनसराईत त्या कोपऱ्यात गेल्या, वरतून मंडपवाल्याचे गंज अन् कढया. आता मशीनीचा पट्टा कुठी हाये कोनाले मालूम नाई. टेबलं बोल्टानं जमिनीत गाडा. हालवताच नाई आले पायजे.

फिटरभाऊ

सगळी गाडू नका भाऊ, शिलाईला आणि बांबूला मोकळी जमीन लागेल. व्हाइसची दोन गाडा, बाकीची चार दोघांना उचलता येतील अशी करा.

पऱ्हाटी

दोघाईले उचलता आली म्हंजे मंडपवाल्यालेबी उचलता येतात ना बावा.

कवेलू

नागपुरात घरं बांधते. एक प्रश्न आधी. ही प्रशिक्षणं होणार कधी?

शेतकऱ्याला सवड मार्च ते मे. मृग लागला की तुमच्याकडे कुणी फिरकणार नाही. म्हणजे खोली सर्वांत जास्त वापरली जाणार ती पारा ४५ च्या आसपास असताना, टिनाखाली. तेव्हा पहिला खर्च छतावर. टिनाला बाहेरून पांढरा उष्णतारोधक रंग द्या, पैसे कमी असतील तर दर उन्हाळ्याआधी चुना मारा. आतून टिनाच्या फूटभर खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत, आणि मधली गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना जाळी. याचा दुसरा फायदा पावसाळ्यात कळेल. टिनावर सर आली की शिकवणाऱ्याचा आवाज बुडतो, तट्ट्यांनी तो बराच वाचतो.

खिडक्या उत्तरेच्या भिंतीत, टेबलापासून वर, जेवढ्या जमतील तेवढ्या. आपण २१ अक्षांशावर आहोत. दुपारचं ऊन उत्तरेकडून येतं ते मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंतच, तेही जवळजवळ डोक्यावरून. सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणं सोडली तर दीड फुटाचा छज्जा पुरतो आणि दिवसभर हातावर सारखा उजेड राहतो. पश्चिमेच्या भिंतीत एकही खिडकी नको. तिला बाहेरून तुराट्यांचा कूड किंवा दाट वेल. खिडक्या फोडताना वर लिंटेल (भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई) घालायला विसरू नका, गोदामाच्या भिंती त्या हिशेबानं बांधलेल्या नसतात.

एसी? शटर आणि टिनाच्या खोलीत तो बाहेरचीच हवा गार करत बसेल. मोठा डक्ट कूलर घ्या. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो चांगला चालतो, पण समोरच्या खिडक्या उघड्या हव्यात. लोक खोली बंद करून कूलर लावतात आणि मग चिकचिक होते म्हणून कूलरलाच शिव्या देतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा उपयोग नाही, त्यासाठी छताचे पंखे. आणि कूलर शिकवणाऱ्यापासून लांबच्या टोकाला, नाहीतर दिवसभर ओरडून त्याचा घसा बसेल.

वायरमन_काका

छताचं सगळं पटलं, पण तट्ट्यांच्या वरून वायर न्यायची तर लोखंडी पाइपातूनच. प्लास्टिकच्या पट्टीतून सुट्या वायरी टाकाल आणि वर उंदीर फिरतील, मग पुढचं मी सांगायला नको.

आता विजेचं. तुमच्या गावठाण फीडरवर (गावाला वीज देणारी लाइन) थ्री फेज दिवसभर असते का हे चक्कीवाल्याला विचारा, त्याच्याइतकं पक्कं कुणाला माहीत नसतं. शेतीच्या फीडरच्या मोजक्या तासांवर प्रशिक्षण बसवू नका.

थ्री फेज प्रत्येक टेबलावर द्यायची नाही. मोटार जोडून चालवून बघायची जागा एकच, कोपऱ्यात, जाळीच्या आत, आणि त्या पॅनेलची चावी शिकवणाऱ्याच्या खिशात. टेबलांना सिंगल फेज, प्रत्येकी १६ अँपिअरचे दोन सॉकेट, प्रत्येक टेबलाला वेगळा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच). मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच. तिचं टेस्ट बटण दर प्रशिक्षणाच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर दाबा, तोच पहिला धडा. लाल आणीबाणीचं बटण दोन ठिकाणी, दाराशी आणि शिकवणाऱ्याच्या हाताशी. सॉकेट टेबलाच्या वरच्या उंचीला. मधल्या टेबलांना पाइप वरून खाली आणा. जमिनीवरून एक्स्टेन्शन बोर्ड फिरला की मी ती खोली नापास करतो.

आर्थिंगकडे आपल्याकडे कुणी बघत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते, आणि नेमकी तेव्हाच तुमची प्रशिक्षणं. खड्डा नीट कोळसा-मीठ भरून करा, मार्चपासून त्यात दर आठवड्याला पाणी ओता. थ्री फेजच्या मोटारीच्या बॉडीला दोन वेगवेगळे अर्थ लागतात, एकावर भागवू नका.

सौर पंपाचं शिकवणार असाल तर ते वेगळं प्रकरण आहे. पॅनेलच्या माळेत काही शे व्होल्ट डीसी असतो, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप तुटत नाही, ओढत राहते. घरातला साधा स्विच तिथे चालत नाही. पॅनेलवर जाड ताडपत्री झाकून, व्होल्टेज मोजून, मगच हात लावायला शिकवा.

इन्व्हर्टर फक्त दिवे आणि पंख्यांपुरता. दिवे प्रत्येक टेबलावर वेगळे. खोलीच्या मधोमध एकच मोठा फोकस लावला तर प्रत्येक जण स्वतःच्या सावलीत काम करतो.

बचतवाली

चंद्रपूर जिल्ह्यात उमेदची, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाची, सीआरपी (गावपातळीवरची कार्यकर्ती) आहे. वरची सगळी चर्चा वाचली. टेबल, व्हाइस, थ्री फेज. बायांचं नाव काळीमाती दादांनी एकदा घेतलं, त्यानंतर कुणी नाही.

बायांना बोलवायचं असेल तर पहिला खर्च छतावर नाही, शौचालयावर. आतून लागणारी कडी, आत पाणी, आणि दार पुरुषांच्या चहाच्या घोळक्यासमोर उघडणारं नको. हे नसलं की बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दोन वाजता डोकं दुखतं म्हणून निघून जातात. अहवालात लिहिलं जातं की महिलांचा प्रतिसाद कमी.

वेळ साडेअकरा ते चार. त्याआधी घरचं उरकत नाही, नंतर संध्याकाळची भाकरी. लहान लेकरू सोबत येणारच, त्याच्या झोळीसाठी वर दोन मजबूत कड्या हव्यात. मशीन आणि कात्र्यांपासून लांब, पण आईला दिसेल अशा जागी.

शिलाई मशीनला उजेड डावीकडून यावा. आमच्या बऱ्याच कामांना टेबलच लागत नाही. कापड बेतणं, पापड, बांबू, सगळं खाली बसून. म्हणून जमीन गुळगुळीत, धुता येईल अशी आणि ओली झाली तरी न घसरणारी हवी. चकचकीत टाइल्स नकोत.

आणि मंच नकोच. मंच असला की त्याच्यासमोर पुरुष बसतात आणि बाया भिंतीला.

फिटरभाऊ

ताई, जमिनीचं मान्य. पण खाली बसायचं म्हणजे चपला बाहेर, आणि माझ्या खोलीत अनवाणी माणूस चालत नाही. पाना पायावर पडतो, तारेचे तुकडे पडलेले असतात, वीज तर आहेच.

बचतवाली

आणि मशीनच्या तेलात माखलेल्या जमिनीवर आम्ही पांढरं कापड पसरायचं?

कवेलू

दोन्ही बरोबर आहे, म्हणून एका टोकाला आठ फुटांचा ओटा करा. दीड फूट उंच. काठाशी चपला काढायच्या, वर बसून काम. कापडही स्वच्छ राहील.

पऱ्हाटी

घ्या. झाला मंच!

फिटरभाऊ

😄 आणि माझ्या ७४ मधले १५ चौरस मीटर गेले.

कवेलू

हसा. पण मग ओटा बाहेर काढा. दक्षिणेच्या भिंतीला लागून, निंबाच्या सावलीत, १० फूट रुंद छपरी, पूर्ण ४० फूट लांब. वर कवेलू (कौलं) किंवा टिनाखाली तट्टे, खाली ओटा. तुमची जागा निम्म्यानं वाढते, दक्षिणेच्या भिंतीवरचं ऊनही अडतं. पाया खणाल तेव्हा काळी माती काढून टाका आणि मुरूम भरून चांगला कुटा. नाहीतर पहिल्या पावसात माती फुगेल आणि ओटा फुटेल.

वखर

कृषी खात्यातून निवृत्त. छपरीला माझं मत. आमची निम्मी प्रात्यक्षिकं खोलीत करायची नसतातच.

फवारणीचं बघा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर फवारणीची प्रशिक्षणं भरपूर झाली, बहुतेक खुर्चीवर. माझी पद्धत अशी. औषधाची बाटली प्रशिक्षणाच्या जागी आणायचीच नाही. पंपात पाणी आणि कपड्यांची नीळ. फवारणाऱ्याला जुना पांढरा सदरा घालायचा, तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या ओळीत पांढरे कागद बांधायचे आणि वारा तोंडावर घेऊन फवारायला सांगायचं. मग सदरा सगळ्यांना दाखवायचा. छातीवर, मांडीवर, गळ्याशी किती नीळ आली ते बघून माणूस गप्प होतो. मग वारा पाठीशी घेऊन पुन्हा. याला हवं मोकळं अंगण, नळ, हात-तोंड धुवायची मोरी आणि सांडपाण्याला शोषखड्डा. विहिरीपासून लांब.

सोयाबीनची उगवण हा दुसरा मासला. ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडायचे, गुंडाळायचं, ओल टिकवायची. सत्तर किंवा जास्त उगवले तर शिफारशीइतकं बियाणं पुरतं, कमी असतील तर त्या प्रमाणात वाढवायचं. पण कोंब मोजायला पाच-सात दिवस जातात आणि प्रशिक्षण असतं एका दिवसाचं. म्हणून सावलीत एक मांडणी कायमची पाहिजे, जिथे आधीच्या आठवड्यात गुंडाळलेली गोणपाटं असतील. आलेल्यांनी ती उघडून मोजायची, स्वतःचं बियाणं गुंडाळून नाव-तारीख लावून ठेवायचं आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी येऊन बघायचं. एका दिवसात न संपणाऱ्या कामाला जागा ठेवणं, हे कुठल्याच नकाशात मी पाहिलेलं नाही.

कमची

गडचिरोलीहून. छतासाठी तट्टे घ्याल ते बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेलेच घ्या. कच्चे लावले तर घुण लागेल आणि बारीक पिवळा भुसा थेट उघड्या मोटारींत पडेल. आमच्याकडच्या ग्रामसभांकडे बांबू मिळतो. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हापासून ही वाट मोकळी झाली. प्रशिक्षक हवे असतील तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू केंद्र आणि मेळघाटात लवादा इथलं, दोन्हीकडे विचारा.

बांबू चिरायला लांबी लागते. पंधरा-वीस फुटांचा बांबू टेबलांमध्ये फिरवता येत नाही. छपरीची ४० फूट लांबी आमच्यासाठीच आहे असं समजा, मध्ये खांब दाट घालू नका. दोन बुरडांमध्ये कोयता फिरेल एवढं अंतर हवं. बसायला चार बोटं उंचीचे पाट करा, दिवसभर उकिडवं बसून नवशिक्याचे गुडघे जातात.

दुपारपाळी

गैरसमज करून घेऊ नका, पण छपरी, अंगण, निंब, सगळं बाहेरच चाललंय, तर खोली हवी कशाला? तुमच्याच जिल्ह्यात १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची कल्पना पुढे आली. हातानं काम करत शिकायचं. त्यांनी कुठे १६ अँपिअरचे सॉकेट मोजले होते?

वायरमन_काका

चरख्याला सॉकेट लागत नाही साहेब.

वखर

आणि सेवाग्रामला जाऊन बापूकुटी पाहा. मातीच्या भिंती, कवेलू, भोवती पडवी. उन्हाळ्याचा विचार करूनच बांधली आहे ती.

दुपारपाळी

बरं, मागे घेतो. तरी माझा मुद्दा राहतोच: साडेचार लाखांतले साडेतीन भिंतीत घालू नका. पाने, मोटारी, कापड, बांबू, शिकवणाऱ्याचं मानधन यांना पहिल्या वर्षाचे पैसे बाजूला काढा, मग उरेल त्यात बांधकाम. मी पाहिलेल्या बंद खोल्या पैशाअभावी बांधायच्या राहिल्या नव्हत्या, बांधून झाल्यावर त्यांत आणायला सामान नव्हतं.

फिटरभाऊ

हे मात्र सोळा आणे. पाने चोरीला जातात म्हणून लोक कपाटात कोंडतात, मग ते निघतच नाहीत. त्यापेक्षा भिंतीवर प्लायचा फळा लावा, प्रत्येक हत्यार त्याच्या जागी ठेवून भोवती रंगानं आकृती काढा. संध्याकाळी फळ्याकडे बघितलं की कोणता पाना परत आला नाही ते लगेच दिसतं. आकृती भरल्याशिवाय शटर खाली नाही. फळ्याला जाळीचं दार आणि कुलूप, झालं.

कवेलू

सगळ्यांना दिसण्याचा मूळ प्रश्न राहिला. प्रोजेक्टर नको, त्याला अंधार लागतो आणि मग मी मागितलेल्या खिडक्यांवर तुम्ही पडदे टाकाल. शिकवणाऱ्याच्या टेबलावर ४५ अंशांत तिरपा मोठा आरसा टांगा, वरून काय चाललंय ते मागच्यालाही दिसतं आणि वीज लागत नाही.

वायरमन_काका

आरशात डावं-उजवं उलटं दिसतं. जोडणी शिकवताना घोळ होईल. जुना मोबाइल स्टँडवर खाली तोंड करून बसवा, वायरनं टीव्हीला जोडा. ४३ इंची टीव्ही पुरेल. वीज गेली की आरसा. दोन्ही ठेवा, आरसा काही महाग नाही.

काळीमाती

मंडळी, काल हा धागा मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवला. चोवीस त्रिक बहात्तरवर दोन जण गप्प झाले. एसी गेला, पोडियम गेला. शौचालय पहिल्या हप्त्यात. छपरीचा ओटा मंजूर, पण १० फुटांऐवजी ८ फूट, कारण पुढची जागा बंड्या (बैलगाड्या) वळवायला लागते. तट्ट्यांचं छत आत्ता अर्ध्या भागावर, उरलेलं पुढच्या वर्षी. सामानाला सव्वा लाख आधीच वेगळे काढले, दुपारपाळी यांचे आभार. टेबलं चार, माणसं सोळा.

खुर्च्यांचं मात्र सुटलं नाही. शंभराच्या चाळीसवर आल्या. अध्यक्ष म्हणतात, पाहुणे आले तर उभे राहतील का?

बचतवाली

ओट्यावर बसतील. चपला काढून.

फिटरभाऊ

चाळीस घ्या, पण एकात एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या, आणि गोदामात नाही, पंचायतीत ठेवायला सांगा. शटरशेजारी साडेतीन फुटी साधं दारही काढून घ्या. मोटारीची ट्रॉली त्यातून जाते आणि आग लागली तर शटर वर ओढत बसावं लागत नाही. दाराशी वाळूच्या दोन बादल्या आणि एबीसी पावडरचं अग्निशामक. त्याची मुदत बघून घ्या.

पऱ्हाटी

माह्यापाशी पाच एचपीची जयलेली मोनोब्लॉक पडून हाये, बेअरिंगबी गेली हाये तिची. शिकाले लय कामाची. घेऊन जा, पन बंडी तुमची.